दुपट्ट्याखालचा हात

मामा,

काल तुझी तेरवी झाली. पंगत उठल्यावर रहीमचाचा ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. शेलूबाजारच्या बैलबाजारात तू आणि तो दोघंही दलाल. जन्मभर एकमेकांसमोर बसलात, क्वचित एका बाजूनं, बहुतेक वेळा एकमेकांच्या विरुद्ध. त्यानं पिशवीतून एक घडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तुझा खांद्यावरचा दुपट्टा. पांढरा, काठाला निळी रेघ, एका टोकाला शिंगानं फाटलेला आणि मायनं जाड दोऱ्यानं शिवलेला.

"आखरीच्या बाजारी इसरून गेल्ता," चाचा म्हणाला. "मी म्हनलं, पुढच्या बाजारी देऊ. त्याचा पुढचा बाजार आलाच नाई बाप्पा." मग घडीवरून हात फिरवत म्हणाला, "लई बदमाश दलाल व्हता तुया मामा. मले एकदाही फसवलं नाई, याचाच राग येते."

हे मी लिहितो आहे ते तुला वाचता येणार नाही, याचं मला वेगळं दुःख नाही. जिवंतपणीही येत नव्हतं. मी मुंबईहून पाठवलेली पत्रं शाळेचे मास्तर तुला वाचून दाखवायचे आणि तू दर वेळी एकच उत्तर लिहायला सांगायचास, "त्याले म्हना, आल्यावर तोंडानं सांग." आता सांगायला आलो तर तू नाहीस. म्हणून कागदाशी बोलतो आहे.

आणि तुला 'तू' म्हणूनच लिहितो. वाशीमच्या शाळेत मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायला शिकलो आणि सुट्टीत घरी येऊन तुला म्हटलं, "मामा, तुम्ही जेवलात का?" तर तू मागे वळून पाहिलंस, तुझ्यामागे आणखी कोण उभं आहे म्हणून. माय हसून हसून चुलीपुढून उठली. पुन्हा तो प्रयत्न मी केला नाही.

बाप गेल्यावर माय मला घेऊन तुझ्याकडे आली, तेव्हा तू तिला काय बोललास हे मला ठाऊक नाही. मला एवढंच आठवतं, की दुसऱ्या दिवशी तू माझ्या तोंडात बोट घालून माझे दात पाहिलेस आणि मायला म्हणालास, "चांगला हाय. टिकन." बैलाचं वय दातांवरून ओळखणारा माणूस तू. माणसांनाही तसंच जोखायचास. पुढं माझे कॉलेजातले दोन मित्र घरी आले, त्यांना तू चालताना पाठीमागून पाहिलंस आणि मला बाजूला घेऊन म्हणालास, "तो उंच हाय ना, त्याच्या भरोशावर राहू नको. खांदा देत नाई तो." वर्षभरात त्या उंच मित्रानं माझ्या वह्या नेल्या आणि परत केल्या नाहीत.

तुझा धंदा मला नीट कळला तो मॅट्रिकच्या आधीच्या उन्हाळ्यात. बाजारात दोन माणसं एकमेकांचे हात हातात घेतात, वरून दुपट्टा टाकतात आणि तोंडानं भलतंच बोलत राहतात. "नाई जमत," "ने तुया बैल वापस," "याच्यापेक्षा तं बकरी बरी." आणि खाली बोटं खरा भाव ठरवत असतात. एक बोट धरलं की एक. अख्खा पंजा धरला की पाच. पंजा धरून सोडला आणि मग दोन बोटं धरली की सात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो.

"तोंडानं कितीही खोटं बोल," तू मला सांगितलंस, "तोंड त्याच्यासाठीच हाय. पन दुपट्ट्याखाली खोटं नाई. अन एकदा दाबलं ते दाबलं. हात बदलाचा नाई. हात बदलनाऱ्यासंग बाजारात कोनी बसत नाई."

त्याच उन्हाळ्यात तू मला बैलाचं डोकं धरायला शिकवलंस. बैलाला नाल ठोकायची म्हणजे त्याला दोरानं पाडायचं, चारही पाय एकत्र बांधायचे, आणि मग नालबंद खुराशी बसतो. सगळी माणसं पायांकडे. तू मात्र डोक्याशी. गुडघा मानेशी, एक हात शिंगावर, दुसरा नाकपुडीसमोर. बैल घाबरून फुसफुसायचा आणि तू त्याच्या कानाशी वाकून, आपण इथंच आहोत एवढंच, एकाच सुरात सांगत राहायचास, "हो राजा, हो. अठीच हाओ मी. हो राजा." त्याचा श्वास लांब होईपर्यंत. एकदा मला तिथं बसवलंस. मी नाल कशी बसते ते पाहायला मान वळवली, तर पाठीत धपाटा बसला.

"तठी काय पायतं? पायाकडं सारेच पायतात. डोक्यापाशी एकानं तरी राह्यलं पाह्यजे. श्वास पाह्य त्याचा. श्वास तुटला तं नाल काय कामाची?"

मामा, हे वाक्य तू विसरून गेला असशील. मी त्याच वाक्यावर डॉक्टर झालो. तुला हे कधी सांगितलं नाही, त्याचीच ही सगळी गोष्ट आहे.

मुंबईच्या मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षी आम्हाला ऑपरेशनच्या खोलीत उभं केलं जायचं. बाकीची पोरं पायांच्या टाचा उंचावून सर्जनच्या हाताकडे पाहायची. मी मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाहत होतो. तिथं एक साधा, बारीक आवाजाचा डॉक्टर बसलेला असायचा. रोग्याच्या तोंडावर तारेची जाळी, तिच्यावर फडक्याच्या घड्या, आणि त्यावर तो क्लोरोफॉर्मचे थेंब टाकत असायचा. एक हात रोग्याच्या जबड्याखाली. नजर छातीवर, ओठांच्या रंगावर. आणि घाबरलेल्या रोग्याच्या कानाशी वाकून तो काहीतरी पुटपुटायचा. पहिल्याच दिवशी मला वाटलं, हे काम मला येतं. हे मी केलेलं आहे.

सुट्टीत आलो तेव्हा तुला म्हटलं, "मामा, मला बेशुद्धी देणारा डॉक्टर व्हायचंय."

तू बैलांना कडबा टाकत होतास. हातातली पेंढी तशीच ठेवून विचारलंस, "म्हंजे?"

"ऑपरेशनच्या आधी रोग्याला झोपवायचं. आणि संपेपर्यंत सांभाळायचं."

"झोपवाचं?" तू मायला हाक मारलीस. "अनसा, आयक वं! इतकं शिकवलं अन पोट्टा मानसायले झोपवनार हाय! त्याच्यापरीस इथं भजनी मंडळात धाडला असता!"

माय हसली, मीही हसलो. तुझा त्यात काही वाईट हेतू नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर पुढच्या बाजारी, त्याच्या पुढच्या बाजारी, येईल त्याला तू तेच सांगत होतास, आणि रहीमचाचानं मला 'झोपाळू डाक्टर' असं नाव ठेवलं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, मामा, हे तुझंच काम आहे, डोक्याशी बसण्याचं. मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू एका क्षणात समजला असतास. बावीस वर्षांच्या पोराला आपली थट्टा झाल्याचा राग जास्त महत्त्वाचा वाटतो.

मग परीक्षा पास झालो. पास झालेल्यांनी सहा महिने, वर्षभर एखाद्या इस्पितळात राहून काम शिकायचं असतं आणि त्यासाठी अर्ज करायचा असतो. बोर्डिंगात तेव्हा दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे, आधी गाव ठरवा, घराजवळ राहिलं की काम आपोआप मिळतं. कोणी म्हणे, आधी काम ठरवा, आवडीच्या कामासाठी माणूस कुठंही राहील. रोज वाद व्हायचा आणि रोज तिथंच अडायचा. माझ्यासमोर दोन कागद होते. एक मुंबईच्याच मोठ्या इस्पितळाचा, बेशुद्धीच्या विभागात निवासी डॉक्टरची जागा. त्या बारीक आवाजाच्या सरांनी स्वतः बोलावून दिलेला. दुसरा अकोल्याच्या एका धर्मादाय इस्पितळाचा. तिथं वेगळा विभाग नाही, सगळं थोडं थोडं करायचं. पण सकाळच्या मोटारीनं निघालं तर दुपारी घरी.

दोन्ही कागद घेऊन मी आलो. बाजाराचा दिवस होता. तू निंबाखाली बसला होतास, बाजार उठत आला होता.

"वाच," तू म्हणालास.

मी वाचले. तू दोन्ही कागद हातात घेतलेस, उलटेच धरलेस, वजन केल्यासारखे खालीवर केलेस.

"म्हंजे यक बैल कामाचा, अन यक घराजवळचा."

"तसंच समज."

"मंग तोंडानं सांगू नको. तोंडानं तू शिकलेला हाएस, काहीबी चांगलंच बोलशीन. हात दे." आणि तू खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकलास. "धा बोटं समज. त्यातले कामासाठी किती, तेवढे दाब. उरले ते ठिकानाचे."

समोरून रहीमचाचा ओरडला, "काय गा किसन, भाच्याले इकून राह्यला काय?"

"नाई बावा," तू म्हणालास, "तोच मले इकत घेते काय, ते इचारून राह्यलो!"

लोक हसत होते आणि दुपट्ट्याखाली माझा हात तुझ्या हातात होता. त्या वर्षी थंडीत मायला मोठा ताप येऊन गेला होता. तू जड उचलताना कमरेशी हात धरायला लागला होतास, मी पाहिलं होतं. ही दोन कारणं मी नंतर अनेकांना सांगितली, आणि ती खोटी नव्हती. पण त्या निंबाखाली मला त्यांच्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती. मुंबईला राहिलो तर मी परत येणार नाही, अशी भीती. तुझा आवाज, मायच्या हातची ज्वारीची भाकर, ही भाषा, सगळं मी हळूहळू दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं आठवू लागेन, अशी. आणि त्यातून तुझी ती थट्टाही मनात सलत होतीच.

मी तीन बोटं दाबली.

तू हात सोडला नाहीस. "दाबलं?"

"दाबलं."

"पाह्य बरं, लेका."

"दाबलं, मामा."

तू दुपट्टा उचललास, झटकलास, खांद्यावर टाकलास. "मंग झालं," म्हणालास. "अकोला." आणि सगळ्यांना चहा पाजलास.

दुपट्ट्याखाली खोटं बोलणारा मी त्या बाजारातला पहिला माणूस असेन. आणि एकदा दाबलं ते दाबलं, हा तुझाच कायदा. म्हणून तू पुन्हा विचारलं नाहीस, आणि मी पुन्हा सांगितलं नाही. दोघंही कायद्याला धरून राहिलो. मुंबईचा कागद मी ट्रंकेत ठेवला आणि त्या सरांना दोन ओळींचं पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर पाठवलं, त्यात राग नव्हता. ते जास्त लागलं.

अकोल्याला मी सुखानं होतो, हेही तुला सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल मी दिवसरात्र झुरत होतो. खेड्यातली माणसं यायची. मी 'काहून आले' विचारलं की त्यांचे चेहरे सैल व्हायचे. एक म्हातारी म्हणाली, "हा डाक्टर आपल्यातला हाय, याले सारं सांगजा." एवढं ऐकायला मिळालं तर माणसानं तक्रार करू नये. आणि तू दर पंधरा दिवसांनी मोटारनं यायचास. इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून रोग्यांना सांगायचास, "आमचा हाय तो." एकदा तर तिथल्याच कोणाची तरी दूध न देणारी गायच दारात घेऊन आलास. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि मला म्हणाले, "तुमचे मामा आज दोघींना तपासायला घेऊन आले आहेत का, की एकीलाच?" कारण तुझ्यामागे मायही उभी होती. तिला ती थट्टा कळली नाही, हे बरं झालं.

क्लोरोफॉर्म तिथं कंपाउंडर द्यायचा. महिन्याभरात मी त्याच्याकडून ती बाटली मागून घेतली. कोणाचीच हरकत नव्हती. सगळ्यांना सुरी हवी असते, बाटली कोणालाच नको असते.

वर्ष संपलं तरी मी तिथंच राहिलो, आणि दुसऱ्या वर्षी तुझं कमरेचं दुखणं लपेना. अंतर्गळ होता, आतडं अडकलं होतं, आणि तू मोटारतळावरून बैलगाडीत आडवा पडून आलास, ओठ पांढरे, तरी गाडीवानाशी बैलांवरून भांडत. मोठ्या साहेबांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता. तू त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि माझ्या कानात म्हणालास, "हातं चांगले हायेत याचे. पन डाव्या पायावर जोर देत नाई. जास्त येळ उभा ठेवू नका."

मग तुला टेबलावर घेतलं आणि मी तुझ्या डोक्याशी बसलो.

मामा, मी तोपर्यंत शेकडो माणसांना झोपवलं होतं. माझा हात कधी अडखळला नव्हता. त्या दिवशी बाटली उघडताना मी दोनदा श्वास घेतला. तू वर पाहिलंस. जाळी तुझ्या तोंडावर ठेवली. आणि मी तुझ्या कानाशी वाकलो आणि काय बोलू हे न ठरवताच बोललो, "हो राजा, हो. अठीच हाओ मी. हो राजा."

तुझे डोळे उघडले. जाळीखालून तू माझ्याकडे पाहिलंस, आणि तुला कळलं. सगळं कळलं, मी डोक्याशी का बसलो आहे ते, हे काम मी कोणाकडून उचललं ते. मला तसं वाटलं. मग चादरीखालून तुझा हात आला आणि माझा मोकळा हात शोधू लागला. वर चादर, खाली दोन हात. तू माझी बोटं चाचपलीस, एकेक, सौदा सुरू करताना चाचपायचास तशी. तू पुन्हा विचारत होतास.

मी पंजा दाबला. सोडला. मग दोन बोटं दाबली. सात.

तू मूठ घट्ट आवळलीस. मग सैल झालास आणि श्वास लांब झाला.

आता माझी अडचण ऐक. क्लोरोफॉर्म चढताना मधे एक टप्पा येतो. त्यात माणसाची मूठ आपोआप आवळते. त्याला काही कळत नसतं, पुढं काही आठवतही नाही. हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि मी ते शेकडो वेळा पाहिलं आहे. म्हणून तू ती मूठ सौदा पटला म्हणून आवळलीस, की औषधानं आवळली गेली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तू शुद्धीवर आलास, पहिलं वाक्य बोललास, "बैलायले पानी पाजलं काय?" आणि त्या सातचा विषय कधी काढला नाहीस. मीही विचारलं नाही. हात बदलला होता ना मी. बदललेल्या हाताबद्दल कोणत्या तोंडानं विचारायचं?

आता आपल्या भांडणाकडे येतो. गेल्या पोळ्यानंतरची गोष्ट. आदल्याच दिवशी एका तरुण माणसाचा श्वास माझ्या हातात थांबला होता. मला जेवढं येत होतं तेवढं सगळं मी केलं. तो वाचला, पण माझ्या शहाणपणानं नव्हे. मुंबईत आता नवी औषधं आणि यंत्रं आली होती, अशा वेळी काय करायचं ते शिकवत होते, आणि मी जुन्या बाटलीवर होतो. तू आलास तेव्हा मी जेवलेलो नव्हतो. तुला सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हंजे तुले अर्धंच येते."

"हो. अर्धंच येतं."

"मंग उरलेलं शिकाले कोनी अडवलं?"

मामा, त्यावर मी ओरडलो. व्हरांड्यात रोगी बसले होते, त्यांच्यादेखत. "तू अडवलंस! तुझ्यासाठी आणि मायसाठी राहिलो मी इथं! नाहीतर मुंबईला होतो मी!"

तू उठलास. दुपट्टा खांद्यावर नीट केलास. "मी राह्य म्हनलं व्हतं काय?" एवढंच बोललास. "हात तू देल्ला व्हता." आणि चहा न घेता मोटारीकडे गेलास. मी मागे आलो नाही. एक रोगी म्हणाला, "डाक्टरसाहेब, मामा गेले ना." मी म्हटलं, "येतील." तू पुन्हा आला नाहीस.

त्यानंतर तुला चार दिवस ताप होता. छातीत कफ भरला होता. शेजारची माणसं मला निरोप धाडणार होती आणि तू त्यांना थांबवलंस, "त्याले कायले बोलावता? तठी त्याचं काम हाय." मोटारवाल्यानं निरोप आणला तेव्हा मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. घरापुढं माणसं उभी दिसली आणि कोणी काही सांगायची गरज उरली नाही. तुझ्या डोक्याशी माय बसलेली होती. तिथं मी असायला हवं होतं.

तेरा दिवस मी हेच घोळवत होतो. तू ते वाक्य घेऊन गेलास, की तूच मला अडवलंस. आणि ते वाक्य खोटं होतं. मला तू अडवलं नव्हतंस. निंबाखाली मी घाबरलो होतो आणि ती भीती मी तुझ्या नावावर टाकली.

मुंबईच्या सरांचं पत्र खिशात आहे. तुझ्या आजारपणाच्या आधीच आलं होतं. त्याच विभागात पुन्हा जागा निघाली आहे, वर्षभराची, सोबत अर्जाचा कागद. कागदावर दोनच प्रश्न मोठे आहेत, कोणता विभाग आणि कोणतं ठिकाण. आज सकाळी तो कागद मी ओट्यावर उलगडून बसलो होतो. मायला आता इथं एकटीला सोडून जायचं, हे मनात आलं आणि कागद पुन्हा घडी करू लागलो. तेवढ्यात माय येऊन बसली.

"तोच कागद व्हय?"

"तुला काय माहीत?"

"दादानं सांगतलं व्हतं." ती सहज बोलली, चुलीवर काय ठेवलं आहे ते सांगावं तशी. "बाजारातून आला तवा म्हने, पोट्ट्यानं तीन दाबले अन हात लटलट कापत व्हता. खोटं दाबलं म्हने. पन दाबलं, आता काय करतो."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"अन दवाखान्यातून आला तवा म्हने, अनसा, पोट्ट्यानं हात बदलला. सात दाबले. मी म्हनलं, बाजारात हात बदलत नाईत ना? तं म्हने, दवाखाना काय बाजार हाय?"

मामा, तुला आठवत होतं.

"मंग मले का नाई सांगितलं त्यानं?" माझी शाळेतली भाषा गळून पडली होती.

"मी म्हनलं त्याले, सांग पोराले, जा म्हना. तं म्हने, मी जा म्हनलं तं तो माया म्हनन्यानं जाईन. मी राह्य म्हनलं तं माया म्हनन्यानं राहीन. त्याच्या म्हनन्यानं कवा जाईन?" मायनं पदरानं डोळे पुसले. "तुमचं भांडन झालं ना, त्या दिवशी घरी आला, तं मले वाटलं रागावला असन. तं हसून राह्यला व्हता. म्हने, बोलला यकदाचा तोंडानं. मुंबईचं नाव घेतलं त्यानं. आता जाईन तो."

तू मोटारीकडे गेलास ती तुझी पाठ मी तेरा दिवस पाहत होतो, आणि तिच्या पुढच्या बाजूला तुझा हसरा चेहरा होता.

"तू एकटी राहशील?" मी विचारलं.

"एकटी कशी? बैलं हायेत, रहीमभाईची बायको हाय, अन तू काय मेला व्हय रे? वर्साचं काम हाय ना? ये मंग परत."

मग तिनं माझ्या मांडीवरचा तुझा दुपट्टा उचलला. जन्मात ती बैलबाजारात गेलेली नाही. तो तिनं माझ्या हातावर टाकला आणि खालून आपला हात घातला. तिचा हात तुझ्या हातासारखाच आहे, मामा, मला माहीतच नव्हतं.

"दाब," ती म्हणाली. "मले बोटायचं काही समजत नाई. तरी दाब."

मी पंजा दाबला. सोडला. मग दोन बोटं.

तिनं ऐकत असल्यासारखा माझा हात धरून ठेवला.

"हात कापत नाई आता," ती म्हणाली. मग दुपट्टा झटकला, त्याची घडी केली आणि माझी ट्रंक आणायला आत गेली.